आकाशाची वही कुणी लिहिली?

मी तुमच्या बचत गटांची समन्वयक. एरवी मी इथं कर्जफेड, विमा, शेळीपालन, परसबाग असे विषय घेऊन येते. आज आभाळाचा विषय घेतलाय, आणि तोसुद्धा संगणकातल्या आभाळाचा. ‘ताई, याचा आपल्याला काय उपयोग?’ असं कुणी विचारील, तर शेवटपर्यंत ऐका. हा इतिहास बायकांच्या कामाचा आहे, त्यांच्या मजुरीचा आहे, आणि रात्री घराबाहेर कुणी पडायचं याचाही आहे.

तुमच्यापैकी काही जणींच्या मुलांनी हे घरी दाखवलं असेल. संगणकावर ‘स्टेलॅरियम’ नावाचं एक सॉफ्टवेअर मिळतं, फुकट. ते उघडायचं, आपलं गाव निवडायचं, की आपल्या गावावरचं आभाळ पडद्यावर दिसतं. आत्ता कोणता तारा कुठं आहे, चंद्र कधी उगवणार, गुरू कोणत्या बाजूला आहे, सगळं. तारीख मागं नेली की आजीच्या लग्नाच्या रात्रीचं आभाळ दिसतं. पुढं नेली की नातवंडांच्या काळातलं. ‘वर्ल्डवाइड टेलिस्कोप’ नावाचं असंच दुसरं सॉफ्टवेअर आहे. त्यात मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले खरे फोटो एकमेकांना जोडून अख्खं आभाळ तयार केलं आहे. शाळेतली पोरं ते बघून शिकतात आणि मोठे शास्त्रज्ञ तेच वापरून शोध लावतात.

हे आभाळ संगणकात आलं कुठून? संगणकाला आपोआप काही कळत नाही. आपल्या गटाच्या वहीत सचिवानं नोंद केली तरच हिशेब लागतो. तसंच कुणीतरी एकेका ताऱ्याची जागा मोजली, लिहून ठेवली, म्हणून तो आज पडद्यावर दिसतो. ही वही लिहायला शंभराहून जास्त वर्षं लागली. ती लिहिणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या कितीतरी जणींची नावं आपल्याला कुणी सांगितलीच नाहीत.

काचेवरचं आभाळ

अमेरिकेत बोस्टन शहराजवळ हार्वर्ड विद्यापीठाची वेधशाळा आहे. १८७७ मध्ये एडवर्ड पिकरिंग तिचे संचालक झाले. दुर्बिणीला कॅमेरा जोडून ताऱ्यांचे फोटो काढायची विद्या तेव्हा नवी होती. फोटो काचेच्या पट्टीवर निघायचा आणि तोही उलटा, म्हणजे आभाळ पांढरं आणि तारे काळे. सुपात तांदूळ पसरावेत आणि त्यात बारीक खडे दिसावेत तसं. एका काचेवर हजारो ठिपके. ते भिंगातून बघायचे, मोजायचे, वहीत उतरवायचे.

रात्री दुर्बिणीजवळ बसून फोटो काढायचं काम पुरुषांकडं होतं. दिवसा त्या काचा निवडायचं काम पिकरिंग यांनी बायकांना दिलं. ताशी सुमारे २५ सेंट मजुरीवर बायका मिळत होत्या, पुरुषांना त्याहून बरंच जास्त द्यावं लागलं असतं. या बायकांना ‘कॉम्प्युटर’ म्हणायचे. हो, आज ज्या यंत्राला आपण कॉम्प्युटर म्हणतो तो शब्द आधी माणसांसाठी होता. कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारी व्यक्ती.

त्यातली एक विल्यमिना फ्लेमिंग. स्कॉटलंडमधून नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली. ती गरोदर असताना नवरा सोडून गेला. पोटासाठी तिनं पिकरिंग यांच्या घरी मोलकरणीचं काम धरलं. १८८१ मध्ये तिला वेधशाळेत कायमचं काम मिळालं. पुढं तिनं दहा हजारांहून जास्त ताऱ्यांची, त्यांच्या प्रकाशावरून प्रतवारी लावली आणि बाकीच्या बायकांचं काम बघू लागली. १८८८ मध्ये मृग नक्षत्राच्या एका काचेवर तिला एक वेगळाच आकार दिसला. मृगातले ओळीतले तीन तारे तुम्हाला माहीत आहेत, आपण ज्याला तिकांडं म्हणतो. त्यातल्या एका ताऱ्याजवळ घोड्याच्या मुंडक्यासारखा एक काळा ढग आहे. आज विज्ञानाच्या कितीतरी पुस्तकांत त्याचा फोटो असतो. तो पहिल्यांदा फ्लेमिंगच्या नजरेला पडला. पण जगासाठी जी यादी छापली गेली तिच्यात पिकरिंग यांचं नाव आलं. फ्लेमिंगचं नाव त्या यादीत यायला पुढची सुधारित यादी निघावी लागली, म्हणजे वीस वर्षं.

१९०० साली फ्लेमिंगनं काही आठवडे रोजनिशी लिहिली. ती आजही जपून ठेवली आहे. आपल्याला वर्षाला १५०० डॉलर मिळतात आणि काही पुरुषांना २५००, हे तिनं त्यात लिहून ठेवलंय. पगाराचं बोललं की बाईच्या मानानं हा पगार उत्तमच आहे असं उत्तर मिळतं, हेही. आपल्याकडं खुरपणीची मजुरी ठरताना बाईच्या मानानं ठीक आहे हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय ते तुम्हाला सांगायला नको.

ॲनी जंप कॅनन तिच्यानंतर आली. तिला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. ताऱ्यांचा रंग आणि तापमान यांवरून त्यांचे वर्ग पाडायची तिची पद्धत आजही जगभर चालते. स्टेलॅरियममध्ये कोणत्याही ताऱ्यावर टिचकी मारा, त्याच्या माहितीत एक इंग्रजी अक्षर दिसेल. ती अक्षरं याच बायकांच्या कामातून आली आहेत. कॅननबाईंनी आयुष्यभरात सुमारे साडेतीन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले. हार्वर्डनं त्यांना विद्यापीठाची रीतसर नेमणूक दिली १९३८ मध्ये, त्या पंच्याहत्तरीला आल्या तेव्हा.

तिला न दिसणारं आभाळ

हेन्रिएटा लेविटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हार्वर्डची एक शाखा दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात होती. तिथून दक्षिणेकडच्या आभाळाचे फोटो काढून काचा पेटीतून बोस्टनला यायच्या. दक्षिणेला ताऱ्यांचे दोन पुंजके आहेत, ढगाच्या तुकड्यांसारखे. बोस्टनहून ते कधीच दिसत नाहीत, क्षितिजाच्या वरच येत नाहीत. लेविट बोस्टनजवळ बसून ते काचेवर बघत होती. तिचं ते आभाळ संगणकातल्या आभाळासारखंच होतं, फक्त काचेचं.

काही तारे कमी-जास्त उजेडाचे होतात, पुन्हा कमी, पुन्हा जास्त, ठरलेल्या वेळानं. लेविटनं असे १७७७ तारे शोधून १९०८ मध्ये त्यांची यादी छापली. १९१२ मध्ये त्यातल्या २५ ताऱ्यांवरून तिनं एक नियम मांडला. ज्या ताऱ्याला कमी-जास्त व्हायला जास्त दिवस लागतात, तो मुळात जास्त तेजस्वी असतो.

यातून काय मिळालं? अंधारात लांब दिवा दिसला तर तो जवळचा मिणमिणता आहे की लांबचा मोठा, हे नुसतं बघून कळत नाही. पण दिवा किती वॅटचा आहे ते कुणी सांगितलं, तर तो किती अंधूक दिसतो यावरून अंतर काढता येतं. लेविटनं ताऱ्यांचा वॅट ओळखायची युक्ती दिली. तीच वापरून एडविन हबल यांनी १९२३-२४ मध्ये दाखवलं, की देवयानी नक्षत्रातला धुरकट ठिपका आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडं आहे, ती वेगळीच आकाशगंगा आहे. विश्व किती मोठं आहे, हे माणसाला तेव्हा कळायला लागलं.

लेविट १९२१ मध्ये कर्करोगानं गेली. १९२५ मध्ये स्वीडनमधल्या एका गणितज्ञानं तिचं नाव नोबेलसाठी सुचवावं म्हणून तिच्या नावानं पत्र पाठवलं. ती जाऊन तीन वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

चार नन आणि आपलं हैदराबाद

त्याच काळात, १८८७ मध्ये, पॅरिसला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले. सगळ्यांनी मिळून अख्ख्या आभाळाचे फोटो काढायचे आणि ताऱ्यांची एकच मोठी यादी करायची, असं ठरलं. आभाळाचे पट्टे पाडले आणि वेधशाळांना वाटून दिले. गावातल्या पाणंदीचं काम वाटून घ्यावं तसं.

एक पट्टा रोममधल्या व्हॅटिकनच्या वेधशाळेकडं आला. तिथं फोटो निघाले, पण काचेवरचे तारे मोजणार कोण? जवळच्या मठातल्या चार ननना बोलावलं. एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोम्बो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजा पान्चेरी. १९१० ते १९२१ या काळात एक भिंगातून बघून आकडे सांगायची, दुसरी लिहून घ्यायची. चौघींनी ४ लाख ८१ हजारांहून जास्त तारे मोजले. पुढं जवळजवळ शंभर वर्षं ‘नननी मोजले’ एवढंच माहीत होतं. नावं २०१६ च्या सुमारास जुन्या कागदांत सापडली.

दुसरा एक पट्टा आला हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडं. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये ती उभी केली होती. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, म्हणजे ही आपल्याच राज्याची वेधशाळा. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत तिथं साडेसात लाखांहून जास्त तारे मोजून वह्यांत उतरवले गेले.

पुढं या वह्या धूळ खात पडल्या. मोठी दुर्बीण आली, चांगली फिल्म आली, जुन्या आकड्यांना कोण विचारतो? पण १९८९ मध्ये युरोपनं हिप्पार्कोस नावाचा उपग्रह सोडला. त्यानं ताऱ्यांच्या जागा फार बारकाईनं मोजल्या. तारे जागचे हलतात, पण इतके हळू की माणसाच्या आयुष्यात समजू नये. तारा किती सरकला हे काढायचं तर आजची जागा पाहिजे आणि शंभर वर्षांपूर्वीचीही. पासबुकात पहिली नोंदच नसली तर व्याज कशावर काढणार? तेव्हा त्या जुन्या वह्या बाहेर काढल्या, संगणकात भरल्या, आणि उपग्रहाच्या आकड्यांशी ताडून २००० साली २५ लाख ताऱ्यांची ‘टायको-२’ नावाची यादी तयार झाली.

स्टेलॅरियममध्ये सुरुवातीला जे तारे घातले गेले, ते हिप्पार्कोस आणि टायको-२ याच याद्यांतले. म्हणजे रोमच्या चार नननी आणि हैदराबादच्या कारकुनांनी लिहिलेले आकडे या सॉफ्टवेअरच्या पायात आहेत. वही नीट लिहा, तारीख टाका, खाडाखोड करू नका, असं मी बैठकीत बोलते तेव्हा तुम्ही हसता. नीट लिहिलेली वही शंभर वर्षांनीही उपयोगी पडते, त्याचा हा पुरावा.

दुर्बिणीच्या दारात

काचा निवडायला बायका चालत होत्या. पण रात्री दुर्बिणीपाशी जायचं म्हटलं, की दार बंद. मार्गारेट बर्बिज या इंग्लंडच्या खगोलशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेसाठी त्यांनी अर्ज केला, तो बाई म्हणून नाकारला गेला. पुढं १९५५ मध्ये त्यांच्या नवऱ्याच्या नावानं जागा मंजूर झाली आणि त्या ‘नवऱ्याची मदतनीस’ म्हणून डोंगरावर गेल्या. दुर्बिणीतून बघायचं खरं काम त्यांचंच होतं. नवरा होता गणिताच्या अंगाचा. आपल्याकडं जमीन नवऱ्याच्या नावावर आणि राबणारी बाई, त्यातलाच हा प्रकार.

व्हेरा रुबिन यांना कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत रीतसर परवानगी मिळाली ती १९६५ मध्ये. तोवर कारण काय दिलं जायचं? बायकांसाठी संडास नाही. रुबिन यांनी पुढं तिथल्या संडासाच्या दारावरच्या पुरुषाच्या चित्राला कागदाचा घागरा कापून चिकटवला आणि म्हणाल्या, झाला आता बायकांचा. याच रुबिन यांनी आकाशगंगा कशा फिरतात ते मोजून दाखवलं, की विश्वात न दिसणारा पदार्थ फार मोठ्या प्रमाणावर असला पाहिजे. आता दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात एका मोठ्या वेधशाळेला त्यांचं नाव दिलंय. तिचे पहिले फोटो जून २०२५ मध्ये जगापुढं आले, आणि ते घरबसल्या संगणकावर जवळ ओढून बघता येतात. जिला दारात अडवलं होतं, तिच्या नावाच्या दुर्बिणीचं आभाळ आता कुणाच्याही घरात.

काचेवरून पडद्यावर

आभाळ घरात आणायची हौस माणसाला जुनीच आहे. जर्मनीत झाइस कंपनीनं १९२३ मध्ये घुमटाच्या आत तारे दाखवणारं यंत्र बनवलं. तिथून तारांगणं सुरू झाली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ मध्ये छोटं तारांगण आलं, मुंबईत नेहरू तारांगण १९७७ मध्ये. पण तिकीट काढून शहरात जाणं सगळ्यांना कुठं जमतं? सहलीचे पैसे भरायचे झाले तर घरात आधी मुलाचे भरले जातात.

२००१ मध्ये फॅबियन शेरो या फ्रेंच तरुणानं स्टेलॅरियम करायला घेतलं आणि ते सगळ्यांना फुकट दिलं. नुसतं वापरायला नाही, आतली मांडणीही उघडी ठेवली. ज्याला येतं त्यानं सुधारावं. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आपल्या नक्षत्रांची भारतीय मांडणीही त्यात आहे.

वर्ल्डवाइड टेलिस्कोपचा जन्म वेगळा. जिम ग्रे हे अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ. बँकेत एकाच वेळी हजारो व्यवहार झाले तरी एकही रुपया इकडचा तिकडं होऊ नये, ही व्यवस्था लावण्यात त्यांचा मोठा हात. त्यांनी आणि खगोलशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालय यांनी २००१ मध्ये एक लेख लिहिला. सगळ्या वेधशाळांचे फोटो आणि आकडे एकत्र जोडले, तर तीच जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होईल, आणि ती कुणालाही वापरता येईल, असं त्यात मांडलं होतं. जानेवारी २००७ मध्ये आईच्या अस्थी समुद्रात सोडायला ग्रे एकटे होडी घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. त्यांना शोधण्यासाठी उपग्रहाचे समुद्राचे फोटो तुकडे करून इंटरनेटवर टाकले आणि हजारो अनोळखी लोकांनी त्यातला एकेक तुकडा डोळ्यांत तेल घालून बघितला. होडी सापडली नाही. मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कर्टिस वाँग आणि जोनाथन फे यांनी वर्ल्डवाइड टेलिस्कोप लोकांसाठी खुलं केलं आणि ते ग्रे यांच्या स्मृतीला अर्पण केलं. २०१५ मध्ये तेही स्टेलॅरियमसारखं सगळ्यांसाठी उघडं झालं.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. वेगवेगळ्या देशांच्या वेधशाळांची माहिती एकाच पद्धतीनं लिहिली जावी म्हणून २००२ मध्ये देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी आघाडी केली. भारताच्या बाजूनं त्यात पुण्याची आयुका ही संस्था होती. तिनं पर्सिस्टंट सिस्टिम्स या पुण्यातल्याच कंपनीबरोबर ‘व्हीओप्लॉट’ नावाचं साधन तयार केलं. ढीगभर आकड्यांतून आलेख काढून बघायचं हे साधन परदेशातल्या अभ्यासकांनीही वापरलं.

खेळणं नाही, काम

काही जणांना वाटतं, हे म्हणजे मुलांना रमवायचं खेळणं. तसं नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक अ‍ॅलिसा गुडमन यांनी वर्ल्डवाइड टेलिस्कोप शाळांत नेलं, चंद्राच्या कला मुलांना त्यावर समजावल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच संशोधनातही वापरलं. आपल्या सूर्याच्या आसपासचे वायूचे ढग किती लांब आहेत, हे नव्या उपग्रहाच्या मापांवरून काढून त्यांनी पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघितले. कागदावर सपाट दिसणारे ढग तिथं एका लांबच लांब लाटेच्या आकारात दिसले. ही लाट जवळजवळ ९००० प्रकाशवर्षं लांब आहे आणि तोवर ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. जानेवारी २०२० मध्ये हा शोध छापून आला. तिचं नाव ठेवलं ‘रॅडक्लिफ लाट’. पूर्वी हार्वर्डमध्ये मुलींना प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी शेजारी रॅडक्लिफ कॉलेज होतं. लेविट आणि कॅनन तिथं शिकल्या होत्या. त्या बायकांच्या कामाची आठवण म्हणून हे नाव.

शास्त्रज्ञ नसलेल्या माणसालाही इथं काम आहे. जुलै २००७ मध्ये ‘गॅलेक्सी झू’ सुरू झालं. दुर्बिणीनं काढलेले लाखो आकाशगंगांचे फोटो इंटरनेटवर ठेवले आणि लोकांना विचारलं, ही गोल आहे की भोवऱ्यासारखी? पहिल्या वर्षात पाच कोटींहून जास्त उत्तरं आली. ऑगस्टमध्ये हॅनी व्हान आर्केल या नेदरलँडमधल्या शाळेतल्या शिक्षिकेला एका आकाशगंगेखाली एक विचित्र ठिपका दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. मोठ्या दुर्बिणी तिकडं वळवाव्या लागल्या. तो एका आकाशगंगेच्या पोटातल्या जुन्या प्रखर उजेडानं चमकणारा वायूचा प्रचंड ढग निघाला. त्याला आज हॅनीचं नाव आहे. फ्लेमिंगला वीस वर्षं थांबावं लागलं होतं, हॅनीचं नाव लगेच लागलं. एवढा बदल झाला, कारण तिनं बघितलेलं सगळ्यांच्या समोर नोंदलं गेलं होतं.

हार्वर्डच्या त्या काचाही वाया गेल्या नाहीत. त्यातल्या चार लाखांहून जास्त काचांचे संगणकात फोटो घेऊन झाले आहेत. एखादा तारा शंभर वर्षांपूर्वी कसा होता, हे बघायला आजचे शास्त्रज्ञ फ्लेमिंग आणि लेविट यांनी हाताळलेल्या काचांकडंच जातात.

आपण काय करायचं?

आता आपल्याकडं येऊ. तीन गोष्टी सांगते. ग्रामसंघाच्या बैठकीत एक लॅपटॉप असला तरी पुरे. सॉफ्टवेअर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही.

पहिली गोष्ट, मृगाची. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो हे शेतकरणीला सांगावं लागत नाही. पण मृग लागला म्हणजे नेमकं काय झालं? तेव्हा सूर्य मृग नक्षत्राच्या भागात येतो. म्हणूनच त्या दिवसांत मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत, ते दिवसा सूर्याबरोबर वर असतात. हे डोळ्यांनी बघायची सोय नाही. स्टेलॅरियममध्ये जूनमधली दुपार लावा आणि वातावरण बंद करायचं बटण दाबा. भर दुपारी तारे दिसतील आणि त्यांत मृगाच्या शेजारी सूर्य. आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला हिशेब असा समोर दिसतो.

दुसरी गोष्ट, संकष्टीची. चंद्र बघून उपास सोडणाऱ्या आपण. कॅलेंडरवरची वेळ कोणत्या तरी एका शहराची असते. मुंबई आणि नागपूर यांच्या चंद्रोदयात साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो, कारण नागपूर पूर्वेला आहे. आपल्या गावची वेळ सॉफ्टवेअरमध्ये बघा, मग चंद्र उगवताना घड्याळ बघा. आणि पोरांना सांगा, चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. का, ते त्यांनाच शोधू द्या.

तिसरी गोष्ट, ग्रहणाची. तारीख १६ फेब्रुवारी १९८० लावा. त्या दुपारी कर्नाटकातून आणि हैदराबादच्या बाजूनं खग्रास सूर्यग्रहण गेलं, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी खंडग्रास होतं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना तो दिवस आठवत असेल. दारं-खिडक्या लावून बसवलं होतं, गरोदर बायकांना तर हलूही दिलं नव्हतं. चंद्राची सावली कुठून कुठं जाते ते पडद्यावर बघितलं, की भीती कशाची होती ते समजतं. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडं दुपारनंतर खंडग्रास ग्रहण आहे. तेव्हा उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं बघायचं नाही, ग्रहणाचा खास चष्मा लावूनच बघायचं. पण त्या दिवशी विळी धरायची की नाही, यावर सुनेशी भांडू नका.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. हे सॉफ्टवेअर फार चांगलं आहे, पण मला त्याची एक भीती वाटते. मागं आमच्या भागातल्या एका शाळेत आकाशदर्शन ठेवलं होतं. अंधार पडला तसं मुलींना घरी पाठवलं आणि मुलं थांबली. ‘मुलींना उद्या कॉम्प्युटरवर दाखवू’ असं उत्तर मिळालं. मुलींसाठी पडदा आणि मुलांसाठी रात्र, ही वाटणी म्हणजे हार्वर्डचीच जुनी वाटणी. त्या काळच्या बायकांनी दिवसा, चार भिंतींत, काचेवर बघून एवढं काम केलं, ते दुसरी वाट नव्हती म्हणून. आज वाट आहे. ती आपणच बंद करायची का?

गटाची बैठक रात्री साडेसात-आठला ठेवतो तेव्हा आपण पंधरा-वीस जणी एकत्र घरी जातोच ना? महिन्यातून एक बैठक अमावस्येच्या आसपासची ठेवा. ग्रामपंचायतीला सांगून त्या आळीचे दिवे तासभर बंद करून घ्या. मुलींना बरोबर आणा. आधी लॅपटॉपवर दहा मिनिटं बघा, कोणता तारा कुठं आहे ते. मग लॅपटॉप मिटा आणि मान वर करा. तिकांडं शोधा, व्याध शोधा, कृत्तिका मोजा. दिसलं ते वहीत लिहा, आणि लिहिणारीचं नाव आणि तारीख टाका.

कोणत्या गटाला सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला मदत लागली तर येत्या बैठकीत मला सांगा, मी पेनड्राइव्हवर घेऊन येते.